प्लेटमागची एकोणीस वर्षं

आपल्याकडे कॅचर म्हणजे कोण हे सांगायची वेळ आली, की ‘बेसबॉलमधला यष्टिरक्षक’ एवढं म्हणून लोक मोकळे होतात. ही तुलना अर्धीच खरी आहे. वेगवान गोलंदाजासमोर यष्टिरक्षक चांगला लांब, मागे उभा राहतो. चेंडू एकदा टप्पा घेऊन, थोडा वेग सोडून त्याच्या हातात येतो. कॅचर मात्र बॅटच्या झोक्याच्या अगदी कडेला उकिडवा बसतो. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. त्याचा पाय जिथे असतो त्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंतचं, म्हणजे फलंदाजाजवळच्या जमिनीतल्या पाटीपर्यंतचं, अंतर १८.४४ मीटर. ताशी १५० किलोमीटरने आलेला चेंडू ते साधारण ०.४ सेकंदात कापतो, आणि त्या वेळात कॅचरच्या डोळ्यांसमोरून एक बॅट फिरून गेलेली असते.

दुसरा फरक याहून मोठा आहे. क्रिकेटमध्ये कोणता चेंडू टाकायचा हे गोलंदाज ठरवतो. बेसबॉलमध्ये तो प्रस्ताव कॅचर मांडतो. पिचरने मान हलवून नकार दिला तर दुसरा चेंडू सुचवायचा. एका सामन्यात एका संघाकडून दीडशेच्या आसपास चेंडू पडतात, म्हणजे तितके निर्णय कॅचरचे. म्हणून कॅचरची कारकीर्द त्याच्या बॅटवरून मोजली तर हिशेब चुकतो. ती मोजायची असेल तर त्याच्याकडे चेंडू टाकणारे पिचर काय करून गेले ते बघावं लागतं. आज यादिएर मोलिना या कॅचरच्या कारकिर्दीचा आधार घेऊन मी हेच दाखवणार आहे.

मोलिनाचा जन्म १३ जुलै १९८२ चा, पोर्तो रिकोतल्या बायामोन इथला. वडील हौशी बेसबॉलमध्ये सेकंड बेसवर, म्हणजे धावपटूने ओळीने गाठायच्या टप्प्यांपैकी दुसऱ्यावर, खेळायचे. मुलं मात्र तिन्ही कॅचर झाली. बेंजी, होसे आणि धाकटा यादिएर, तिघंही मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, पोहोचले आणि तिघांनीही वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिची विजेतेपदाची मालिका, जिंकलेल्या संघाची अंगठी मिळवली. २००० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सेंट लुइस कार्डिनल्सने यादिएरला चौथ्या फेरीत, एकूण ११३ व्या क्रमांकावर घेतलं. ३ जून २००४ ला तो मेजर लीगमध्ये उतरला आणि २०२२ च्या हंगामाअखेर निवृत्त झाला. एकोणीस हंगाम, एकच संघ, कॅचर म्हणून २,१८४ सामने. एकाच संघासाठी प्लेटमागे इतके सामने दुसरा कोणी बसलेला नाही.

ड्राफ्ट ते मेजर लीग या चार वर्षांत तो काय करत होता? मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीगखालच्या स्पर्धांच्या, पायऱ्या चढत होता: २००१ मध्ये रूकी स्तरावर जॉन्सन सिटी, मग पिओरिया, मग डबल-ए टेनेसी, मग ट्रिपल-ए मेम्फिस. कॅचर ही शिडी इतरांपेक्षा सावकाश चढतो, आणि त्याला कारण आहे. आउटफिल्डरच्या, म्हणजे मैदानात दूरवर उभ्या राहणाऱ्या खेळाडूच्या, बॅटमधून धावा निघायला लागल्या की त्याला वर घेतात. कॅचरला मात्र प्रत्येक पायरीवर बारा-तेरा नवे पिचर भेटतात. कुणाचा कर्व्ह (वळणारा चेंडू) शेवटच्या क्षणी किती खाली पडतो, कोण थकला की चेंडू उंच टाकायला लागतो, कुणाला रागावून सांगितलेलं चालतं आणि कुणाला नाही, हे सगळं नव्याने शिकावं लागतं. पोटापाण्याचा प्रश्नही असतोच. २०२३ च्या करारानंतरसुद्धा ट्रिपल-ए खेळाडूला वर्षाला किमान ३५,८०० डॉलरच मिळू लागले, तर मेजर लीगचं किमान वेतन २०२५ मध्ये ७,६०,००० डॉलर होतं. या दोन आकड्यांमधली दरी पार करणारे थोडेच, कारण संघातल्या २६ जणांत कॅचर बहुधा दोनच असतात.

फेब्रुवारीच्या मध्याला सराव शिबिरं सुरू होतात तेव्हा पहिल्यांदा फक्त ‘पिचर आणि कॅचर’ बोलावले जातात, बाकीचे काही दिवसांनी येतात. पिचरना हात मोकळा करायला वेळ हवा, आणि त्यांचे चेंडू झेलायला कुणीतरी हवं. कॅचरच्या वर्षाची सुरुवातच दुसऱ्याच्या तयारीपासून होते.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. आधी मिट. इतर बहुतेक खेळाडूंच्या ग्लोव्हला बोटं असतात, कॅचरच्या मिटला नसतात. गोल, जाड कडांची ती एक गादीच. नियमाप्रमाणे तिचा घेर ३८ इंचांपेक्षा मोठा चालत नाही. चेंडू झेलायचा तो अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खोलगट भागात, तळहातावर नाही. तळहातावर झेलत राहिलात तर तर्जनीच्या मुळाशी सूज येते, बोट बधिर पडतं आणि हंगामाच्या मध्यावर पकडच सैल होते. नवी मिट लवचिक व्हायला कित्येक आठवडे जातात. म्हणून कॅचर सामन्याची मिट वेगळी आणि सरावाची वेगळी ठेवतो, आणि पुढच्या वर्षीची मिट या वर्षीच्या सरावात वापरून तयार करतो.

मोकळा उजवा हात कुठे ठेवायचा, हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यानेच अनेकांच्या कारकिर्दी वाकड्यातिकड्या बोटांनी संपल्या. पूर्वी तो मिटच्या शेजारी धरायचे. बॅटला निसटता लागलेला चेंडू, म्हणजे फाउल टिप, थेट त्या उघड्या बोटांवर यायचा. १९६० च्या दशकाअखेर सिनसिनाटीच्या जॉनी बेंचने बिजागरीसारखी मिटणारी मिट वापरून एका हाताने झेलायची रीत रूढ केली. तेव्हापासून उजवा हात बेसवर धावपटू नसेल तर पाठीमागे किंवा घोट्यामागे, आणि धावपटू असेल तर मिटच्या आड असतो. त्यातही अंगठा मुठीच्या आत. बाहेर राहिलेला अंगठा चेंडूने मागे मोडतो.

यानंतरची गोष्ट कॅचरच्या कलेचा गाभा आहे असं मला वाटतं. तिला फ्रेमिंग म्हणतात. बॅट न फिरवता सोडलेला चेंडू प्लेटच्या ४३ सेंटीमीटर रुंदीतून आणि गुडघ्याच्या वाटीखालच्या खळग्यापासून छातीच्या साधारण मध्यापर्यंतच्या उंचीतून गेला, तर तो स्ट्राइक. नाही तर बॉल. तीन स्ट्राइकला फलंदाज बाद, चार बॉलना फुकट फर्स्ट बेस. अडचण असते ती कडेवरच्या चेंडूंची. कॅचरच्या खांद्यावरून पाहणाऱ्या अंपायरला ठरवायला क्षणभरच मिळतो, आणि त्या क्षणी त्याच्या नजरेसमोर मिट असते.

खालचा चेंडू झेलताना मिट आधी चेंडूच्या खाली न्यायची आणि चेंडू आला की खालून वर, स्ट्राइकच्या चौकटीकडे, उचलत झेलायची. बाहेरच्या कडेचा चेंडू बाहेरून आत. कोपर मोकळं, मनगट ढिलं. मिट चेंडूच्या पुढे पोहोचलेली हवी. चूक होते ती नेमकी उलटी: मिट उशिरा निघते, चेंडूबरोबर चौकटीबाहेर ओढली जाते, आणि मग कॅचर झटक्यात ती आत आणतो. ती ओढाताण अंपायरला लगेच दिसते. तो चेंडू तर बॉल ठरतोच, वर पुढच्या प्रत्येक चेंडूला तो त्या कॅचरवर विश्वास ठेवताना कचरतो.

या कौशल्याची किंमत बरीच वर्षं कुणाला मोजता येत नव्हती. मैदानांवर चेंडूचा मार्ग टिपणारे कॅमेरे बसल्यावर, २०११ मध्ये माइक फास्ट या अभ्यासकाने हिशेब मांडला आणि सर्वांत वर नाव निघालं ते होसे मोलिनाचं, यादिएरच्या मधल्या भावाचं. बॅटने बेताचा, पायाने संथ, पण अंपायरच्या नजरेसमोर चेंडू कसा ठेवायचा हे जाणणारा. आज मेजर लीगच्या हिशेबात फ्रेमिंगने मिळवलेला एक स्ट्राइक ०.१२५ धावेच्या बरोबरीचा धरतात. आठ स्ट्राइकची एक धाव. दहा धावांचा ढोबळमानाने एक विजय. म्हणजे हंगामात ऐंशी जादा स्ट्राइक मिळवले की संघाच्या खात्यात एक जादा विजय. एकशे वीस सामन्यांत ऐंशी, दर सामन्याला एकसुद्धा नाही! प्रेक्षकाला जे दिसतही नाही त्यावर संघ कॅचर निवडतात ते यामुळे.

टप्पा पडलेल्या चेंडूची तऱ्हा वेगळी. तो झेलायला जायचंच नाही, अंगाने अडवायचा. दोन्ही गुडघे एकदम जमिनीवर, मिट दोन मांड्यांमधल्या फटीत टेकलेली, हनुवटी छातीला लावलेली, खांदे पुढे गोल केलेले. छाती भिंतीसारखी ताठ ठेवली तर चेंडू आपटून सहा-सात फूट उडतो आणि धावपटू बेस पुढे सरकतो. छाती वाकवून श्वास सोडला की चेंडू पुढ्यातच मरतो. नवशिका कॅचर इथे मान फिरवतो. ते स्वाभाविक आहे, पण जाळीदार मुखवटा समोरचा मार घेण्यासाठीच असतो. मान फिरवली की गळ्याची आणि कानामागची बाजू उघडी पडते.

बेस चोरणाऱ्या, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पुढच्या बेसकडे पळणाऱ्या, धावपटूला बाद करणं हे लोकांना दिसणारं काम. तिथे सेकंदाच्या दहाव्या भागांचा हिशेब चालतो. फर्स्टवरून सेकंड बेसला पळायला चपळ धावपटूला ३.३ ते ३.५ सेकंद लागतात. पिचरची हालचाल सुरू झाल्यापासून चेंडू प्लेटवर यायला १.३ सेकंद. कॅचरकडे उरतात दोन. मिटमध्ये चेंडू आपटल्यापासून सेकंड बेसवरच्या ग्लोव्हमध्ये पोहोचेपर्यंतच्या वेळाला पॉप टाइम म्हणतात. मेजर लीगमध्ये दोन सेकंद ही सर्वसाधारण वेळ, १.९ च्या आत म्हणजे उत्तम. होम प्लेटपासून सेकंड बेस ३८.८ मीटरवर आहे. हात कितीही दणकट असला तरी एवढं अंतर कापायला चेंडूला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतोच. कमाई करायची ती उरलेल्या ०.७ सेकंदात, म्हणजे चेंडू मिटमधून हातात येण्यात आणि पाय जागेवर पडण्यात. हात मिटकडे न्यायचा नाही. मिटच उजव्या कानाशी आणायची आणि चेंडू तिथे बोटांत घ्यायचा. शिवण आडवी पकडली तर चेंडू सरळ जातो, तिरकी पकडली तर शेवटी वाकतो. निशाणा बेसवर नाही. बेसच्या फर्स्टकडच्या कोपऱ्यावर, गुडघ्याच्या उंचीवर टाकायचा, म्हणजे घसरत येणारा धावपटू स्वतःच त्या ग्लोव्हमध्ये येऊन शिरतो. आणि पिचरने १.६ सेकंद घेतले, तर जगातला सर्वोत्तम कॅचरही काही करू शकत नाही. ‘कॅचरने धावपटू सोडला’ असं म्हणण्याआधी हे पाहायला हवं.

मोलिनाचा २००५ चा हंगाम या बाबतीत डोळ्यांत भरतो. नियमित कॅचर म्हणून पहिलंच वर्ष, आणि चोरीच्या ३९ प्रयत्नांपैकी २५ त्याने मोडून काढले. पण मला यातला ३९ हा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. इतके थोडे प्रयत्न झाले, कारण प्रतिस्पर्धी संघांनी पळणंच टाळलं. शिवाय फर्स्ट बेसवर दोन पावलं पुढे सरकून उभ्या राहिलेल्या धावपटूला तो बसल्या जागेवरून चेंडू फेकून बाद करायचा. त्या भीतीने धावपटू बेसजवळच उभे राहायचे. बेसजवळून निघालेला धावपटू पुढे एखाद्या फटक्यावर तिसऱ्या बेसऐवजी दुसऱ्यावरच थांबतो. ही बचत कोणत्याही धावफलकावर दिसत नाही.

आता खुणा. उजव्या हाताची बोटं मांड्यांमध्ये दाखवायची: एक म्हणजे फास्टबॉल, दोन म्हणजे कर्व्ह, तीन बहुधा स्लायडर (आडवा सरकणारा), चार किंवा बोटांची हालचाल म्हणजे चेंजअप (फास्टबॉलसारखा भासणारा संथ चेंडू). मग चेंडू आतल्या की बाहेरच्या कडेला टाकायचा त्याची खूण. उजवा गुडघा पिचरकडे वळवायचा, म्हणजे फर्स्ट बेसकडच्या प्रशिक्षकाला काही दिसत नाही. मिट डाव्या गुडघ्यापुढे धरायची, म्हणजे थर्ड बेसकडच्याला. पिचरला लांबून बोटं दिसावीत म्हणून काही कॅचर नखांना पांढरा रंग किंवा चकत्या लावत. सेकंड बेसवर धावपटू आला की सगळं बदलतं, कारण त्याला खुणा समोर दिसतात. मग चार-पाच खुणांची माळ दाखवायची आणि त्यातली खरी कोणती हे आधी ठरवलेल्या किल्लीने ओळखायचं. किल्ली चुकली तर पिचर कर्व्ह टाकतो आणि कॅचर फास्टबॉलसाठी बसलेला असतो. बोटं मोडण्याचं हे एक हमखास कारण. २०१७ मध्ये ह्यूस्टन अॅस्ट्रोजने कॅमेऱ्यातून खुणा वाचून कचऱ्याचा डबा बडवत फलंदाजाला इशारे दिले, ते प्रकरण गाजलंच. २०२२ पासून पिचकॉम आलं: कॅचर मनगटावरची किंवा गुडघ्याजवळच्या पॅडवरची बटणं दाबतो, पिचरला टोपीतल्या छोट्या स्पीकरमधून ऐकू येतं. खुणांची चोरी जवळजवळ थांबली. काय टाकायचं हे ठरवण्याचं ओझं मात्र होतं तिथेच राहिलं.

ते ओझं कसं पेलायचं याचा धडा १९ ऑक्टोबर २००६ च्या रात्री न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये मिळाला. मेट्सविरुद्ध नॅशनल लीगच्या, म्हणजे मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकाच्या, अंतिम मालिकेतला सातवा सामना. त्या वर्षी साखळीत मोलिनाची फलंदाजीची सरासरी होती .२१६, म्हणजे हजार संधींत २१६ यशस्वी फटके. बॅटकडे पाहिलं असतं तर त्याला बाकावर बसवायला हवं होतं. नवव्या डावात १-१ अशी बरोबरी असताना त्याने दोन धावांचा होम रन मारला, आणि तो क्षण लोकांच्या लक्षात राहिला. माझ्या मते खरी कॅचरगिरी त्यानंतर झाली. मेट्सचे दोन गडी बाद, तिन्ही बेस भरलेले, समोर कार्लोस बेल्ट्रान, आणि पिचर अॅडम वेनराइट, त्याच मोसमात पूर्ण वेळ संघात आलेला पोरगा. अशा वेळी फलंदाज पहिला चेंडू फास्टबॉल धरून बसतो, कारण बॉल पडत गेले तर फुकटची धाव जाते. पहिला आला चेंजअप, स्ट्राइक. दुसरा कर्व्ह, फाउल, म्हणजे दुसरा स्ट्राइक. तिसरा पुन्हा कर्व्ह. बेल्ट्रानची बॅट हललीच नाही. कार्डिनल्सने पुढे वर्ल्ड सिरीजही जिंकली.

वेनराइट आणि मोलिना ही जोडी २०२२ पर्यंत टिकली. पिचर आणि कॅचर म्हणून दोघांनी मिळून ३२८ सामन्यांची सुरुवात केली. त्याआधीचा ३२४ चा विक्रम डेट्रॉइटच्या मिकी लोलिच आणि बिल फ्रीहान यांचा होता, १९६३ ते १९७५ मधला. बॅटही मोलिनाची पुढे सुधारली. २०१२ आणि २०१३ मध्ये त्याने.३१५ आणि .३१९ च्या सरासरीने खेळ केला. बचावासाठीचे गोल्ड ग्लोव्ह नऊ.

शरीर या सगळ्याची किंमत मोजतं. सामन्याला दीडशे चेंडू आणि हंगामाला एकशे वीस सामने धरले, तर अठरा हजार वेळा बसणं-उठणं होतं, सराव वेगळाच. २०१४ मध्ये मोलिनाच्या उजव्या अंगठ्याचा अस्थिबंध फाटला, २०१५ मध्ये डाव्या अंगठ्याचा. २०१८ मध्ये जॉर्डन हिक्सचा ताशी १०० मैलांहून वेगाचा चेंडू बॅटला निसटता लागून जांघेत बसला आणि त्याच दिवशी शस्त्रक्रिया करावी लागली. महिन्याभरात तो परत मैदानावर. ज्या माइक मॅथिनीची जागा त्याने घेतली, त्याची कारकीर्द मुखवट्यावर आपटणाऱ्या फाउल टिपनी मेंदूला बसलेल्या धक्क्यांमुळे संपली होती. पुढे तोच मॅथिनी मोलिनाचा व्यवस्थापक, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, झाला. फलंदाजीची तीन विजेतेपदं मिळवणारा एकमेव अमेरिकन लीग कॅचर जो मॉवर यालाही २०१३ नंतर असंच कारण होऊन फर्स्ट बेसवर जावं लागलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या बस्टर पोझीचा पाय २५ मे २०११ ला होम प्लेटवरच्या धडकेत मोडला. २०१४ मध्ये नियम बदलला: धावपटूने मार्ग सोडून कॅचरवर आदळायचं नाही, आणि हातात चेंडू नसताना कॅचरने वाट अडवायची नाही. हा बदल झाला याचं मला मनापासून समाधान आहे.

धोक्याविषयीची मैदानावरची एक रीत इथे सांगतो. फाउल चेंडू कॅचरला जोरात लागला की अंपायर पुढे येऊन स्वच्छ असलेली प्लेट उगाच ब्रशने झाडतो, म्हणजे कॅचरला सावरायला अर्धा मिनिट मिळतो. अंपायरला लागलं की कॅचर उगाच पिचरशी बोलायला जातो. आणि स्ट्राइकबद्दल तक्रार करायची तर कॅचर मान मागे वळवत नाही. पिचरकडे बघतच हळू आवाजात बोलतो. वळून बोललात तर चाळीस हजार लोकांसमोर अंपायरचा अपमान होतो, आणि त्याचं मोल पुढच्या कडेवरच्या चेंडूंनी चुकवावं लागतं.

मोलिना थांबला त्याच्या पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, नियम पालटले. बेस १५ इंचांचे १८ इंच झाले, पिचरला घड्याळ लागलं (ठरलेल्या वेळात चेंडू टाकायचा), फर्स्टवर चेंडू फेकून धावपटूला धाक दाखवण्यावर मर्यादा आली. चोरलेले बेस २,४८६ वरून ३,५०३ वर गेले. कॅचरच्या हाताची किंमत त्यामुळे वाढली. बसण्याची तऱ्हाही बदलली. आता जवळजवळ सगळे एक गुडघा जमिनीवर टेकून बसतात, कारण खालचा चेंडू तिथून चांगला उचलता येतो.

फ्रेमिंगचं भवितव्य काय, हा प्रश्न मात्र खरा आहे. २०२६ पासून मेजर लीगमध्ये स्ट्राइकच्या निर्णयाला आव्हान देता येतं. प्रत्येक संघाला दोन आव्हानं. बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. आव्हानाचा निकाल यंत्र देतं. त्याच्या चौकटीची वरची कड फलंदाजाच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर. आव्हान द्यायचा अधिकार फक्त फलंदाज, पिचर आणि कॅचर या तिघांना, तोही लगेच आणि बाकावरून मदत न घेता, डोक्यावर हात थोपटून. पिचर चेंडू टाकून तोल सावरत असतो, त्याला कड दिसत नाही. फलंदाज स्वतःच्याच बाजूने पाहतो. चेंडू शेवटपर्यंत सरळ समोरून येताना पाहिलेला असतो तो कॅचरनेच, म्हणून २०२५ च्या वसंतातल्या चाचणीत कॅचरची आव्हानं इतर दोघांपेक्षा जास्त वेळा बरोबर ठरली. पण इथे एक नवा पेच आहे. कडेबाहेरचा चेंडू हळूच आत आणून अंपायरला पटवायचं, आणि तोच चेंडू खरोखर कुठे होता हे स्वतःच्या मनात पक्कं ठेवायचं, ही दोन्ही कामं आता एकाच हाताने, एकाच क्षणात करायची आहेत. आणि दुसरं आव्हान नवव्या डावासाठी राखायचं की तिसऱ्या डावात, बेस भरलेले असताना वापरायचं, हेही त्यालाच ठरवायचं आहे.